परळचा धैवत

बेनी सरांचं आणि खुर्चीचं हाडवैर होतं. आता परीक्षकाचं काम काय, तर बसायचं आणि ऐकायचं. ऐकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण बसणं? छे! पाच मिनिटं झाली की उजवा गुडघा हलायला लागायचा, मग डावा, मग खुर्ची करकरायची, आणि मग स्वारी उभी. पडद्यामागे इकडून तिकडे, तिकडून इकडे. बूट वाजू नयेत म्हणून आल्याआल्या बूट काढून ठेवायचे आणि दिवसभर मोज्यांवर फिरायचे. एका मोज्याला अंगठ्याशी भोक असायचं. दरवर्षी तेच भोक की दरवर्षी नवं, हे मला कधी कळलं नाही.

"बसा हो मास्तर, डोळ्यांपुढे सारखं नाचू नका," असं मी पहिल्याच वर्षी म्हटलं. मी तेव्हा तिशीतली, राहणारी फणसवाडीतली, गिरगावातल्या एका शाळेत संगीत शिकवणारी, आणि जिभेला हाड नसलेली.

ते वाकून माझ्या कानाशी कुजबुजले, "कुंदाबाय, बसून फक्त कोंबडी अंडी देते. माणसाला उभ्यानं सुचतं."

मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला, कारण पडद्यापलीकडे एक पोर जीव मुठीत धरून वाजवत होतं.

हा पडदा म्हणजे आमच्या स्पर्धेची खासियत. लहान मुलांची पियानोची स्पर्धा, दादरच्या एका हॉलमध्ये भरायची. स्टेजवर आडवा जाड निळा पडदा लावायचा. पुढे पियानो आणि मूल, मागे आम्ही तीन परीक्षक. मुलांना नावं नाहीत. चिठ्ठी उचलायची, येईल तो नंबर. आम्हाला मूल दिसायचं नाही, मुलाला आम्ही दिसायचो नाही. ही सगळी शिस्त खुर्शीदबाईंची. त्या आमच्या मुख्य परीक्षक. गोऱ्यापान, ताठ, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि नजर अशी की पियानोसुद्धा सरळ बसेल. त्यांचा अजून एक नियम होता. वाजवणारं मूल आपलं शिकवलेलं आहे असं ज्या परीक्षकाला कळेल, त्यानं मुकाट्यानं खुर्ची सोडायची आणि मागच्या दारानं बाहेर जायचं. त्या नंबरचे गुण मग उरलेल्या दोघांनी द्यायचे. "कान पण वशिला लावते, डिकरा," त्या म्हणायच्या. "डोळा बंद केला म्हणून काय झाला?"

बेनी सर बारा वेळा उठायचेच, त्यामुळे ते नियमानं उठलेत की सवयीनं, हे आम्हाला दारापर्यंत गेल्याशिवाय समजायचं नाही.

एकदा तर त्यांनी कहरच केला. एक एवढुसा मुलगा वाजवता वाजवता अडकला. पुढचा सूरच आठवेना. एकदा मागून आला, परत अडकला. पुन्हा आला, पुन्हा तिथंच. हॉलमध्ये शांतता, त्याची आई पुढच्या रांगेत हुंदका गिळतेय. आणि आमचे हे परीक्षक! पडद्याची कड उचलली, मुंडकं बाहेर काढलं, आणि म्हणाले, "खाली रे, खाली! करंगळी!" पोरानं किंकाळीच फोडली. त्याला वाटलं, पडद्यात भूत आहे. सगळा हॉल हसायला लागला, पोरगं रडायला लागलं, आणि खुर्शीदबाईंनी बेनी सरांचा कोट मागून धरून त्यांना आत ओढलं.

"तू जज आहेस की त्याची आया?" त्या दातओठ खात म्हणाल्या.

"दोन्ही," सर म्हणाले आणि परत फेऱ्या घालायला लागले.

हातांना मात्र त्यांनी एक काम नेमून दिलं होतं. बसची तिकिटं. खिशात मूठभर जुनी तिकिटं असायची. एकेक काढून अंगठ्यानं मांडीवर घासून इतकी बारीक, घट्ट गुंडाळी करायचे की उदबत्तीची काडी वाटावी. वाजवणारं जितकं वाईट, तितकी गुंडाळी घट्ट. दुपारपर्यंत त्यांच्यापुढे टेबलावर ढीग झालेला असायचा. मी तर गुण देण्याआधी त्या ढिगाकडे चोरून बघायची.

घरचे ते मूळ मुंबईचे, जुन्या ख्रिस्ती वस्तीतले. मुंबई सात बेटं होती तेव्हापासून आम्ही इथं, असं छाती काढून सांगायचे. दिवसा गोदीच्या कचेरीत कारकून, संध्याकाळी परळला एका चर्चच्या छोट्या हॉलमध्ये शिकवणी. बायको नाही, पोर नाही. हॉलमागच्या खोलीत राहायचे. हॉलची किल्ली म्हणजे तर द्रौपदीची थाळी! येईल त्याला देऊन टाकायचे. "वाजवायचंय? घे किल्ली." कुणाला दिली, कधी दिली, पत्ता नाही. मग आपल्याच दारात उभे राहून हाका मारत बसायचे.

मी त्यांच्याकडे रविवारी जायला लागले ते पियानोसाठी. आमच्या फणसवाडीतल्या दोन खोल्यांत पियानो ठेवायचा तर माणसं बाहेर काढावी लागली असती. सरांच्या हॉलमधला पियानो म्हणाल तर म्हातारा, पिवळे दात, आणि मधोमध एक आजारी पट्टी. इंग्रजी शिकवणीत त्या सुराला 'ए' म्हणतात. मी पेटीवर वाढलेली, माझ्या तोंडात धैवतच यायचं, आणि ऐकून ऐकून सरही धैवतच म्हणायला लागले. दमट हवेनं त्या पट्टीचं लाकूड फुगलं होतं आणि ती शेजारणीला घासायची. बाकीच्या पट्ट्या दाबाव्यात तशी दाबली तर वाजायचीच नाही. तिला जरा जोरात हाणावं लागायचं, तेव्हा कुठे ती इतरांएवढी बोलायची.

"दुरुस्त का करत नाही हो?" मी विचारलं.

"राहू दे गो. लंगड्या घोड्यावर शिकला, तो कुठल्याही घोड्यावर बसतो." आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य, जे प्रत्येक विद्यार्थ्याला रोज ऐकावं लागायचं: "पियानो बघून वाजव. आपली मस्ती त्याच्यावर काढू नकोस. त्याला काय झेपतं ते आधी विचार."

ऐकायला झकास वाटायचं. खरं सांगू? अर्धा आळस होता तो.

तिथंच मी शैलाला पहिल्यांदा ऐकलं. लालबागच्या चाळीतली मुलगी, दहा-अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या. बाप गिरणीत, स्पिनिंग खात्यात. आई खानावळ चालवायची. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालायची. बेनी सरांचा डबाही तिथूनच यायचा, आणि डबा आणणारी ही शैला. डबा ठेवायचा आणि पळायचं, असं आईनं बजावलेलं. पण हिचे पाय हलायचे नाहीत. सर वाजवत असले की संपेपर्यंत दाराला टेकून उभी. एक दिवस सरांनी विचारलं, "काय गो, काय बघतंस?" तर म्हणाली, "तुम्ही त्या एकाच पट्टीला का मारता?"

सर उडालेच. एवढ्या वर्षांत हे कुणाच्या कानाला कळलं नव्हतं, कारण सर ती पट्टी बरोब्बर बेतानं हाणायचे. या पोरीनं डोळ्यांनी पकडलं. त्यांनी तिला त्याच क्षणी स्टुलावर बसवलं, आणि त्या दिवशीची डाळ गार झाली.

तेव्हा त्यांची शिकवणी गिरणीच्या भोंग्यावर चालायची. भोंगा झाला की ओळ अर्धी असली तरी थांबायचं. "पुढचं उद्या. भुकेल्या पोटी ओळ पुरी करायची नाही." मग संप आला. पहिले काही दिवस लोकांना वाटलं, होईल मिटवामिटवी. कसली होतेय! महिने गेले. भोंगा बंद, तर सरांना शिकवणी कुठे थांबवायची तेच कळेना. ठरल्या वेळी उठायचे, खिडकीशी जायचे, चिमणीकडे बघायचे, परत यायचे, परत उठायचे. पोरं बिचारी वाजवतच राहायची. "आज चिमणीला धूर आहे का गो?" मला विचारायचे, जसं काही मला दिसत होता आणि त्यांना नाही.

खानावळीतली माणसं एकेक करून गावाला गेली. आधी पंगती बसायच्या तिथं चारच ताटं, मग दोन, मग सरांचा एकट्याचा डबा. शेवटी शैलाची आई स्वतः डबा घेऊन आली. मी होते तिथं. पदरानं तोंड पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, आमी गावाक जातंव. आता हय ऱ्हवान काय करतलंव?"

"आणि शैला?"

"शैला काय हयच टाकून जाव?"

सर खोलीभर फिरायला लागले. चार फेऱ्या मारून मग एकदम थांबले. आमच्या स्पर्धेचं बक्षीस काय असायचं ते सांगायला हवं. जिंकणाऱ्याला वर्षभर दादरच्या हॉलचा चांगला पियानो रोज वाजवायला, खुर्शीदबाईंची शिकवणी, आणि घर लांब असेल तर त्यांच्या ओळखीच्या वसतिगृहात राहायची सोय. सरांनी हे सगळं तिच्या आईला सांगितलं. संध्याकाळी बाप आला. उंच, हडकुळा माणूस, दाराबाहेरच चप्पल काढून उभा. सर म्हणाले, "मी ठेवतो हिला. माझी बहीण आहे, तिच्याकडे राहील. खर्चाचं मी बघतो."

बापानं नकारार्थी मान हलवली. "उपकाराचा नको, मास्तर. आधीच मान खाली गेली हा. बक्षिसाचा असला तर गोष्ट वेगळी. जिंकली तर ऱ्हवांदे हिला. नाय तर आमच्यावांगडा चलात."

झालं. त्या दिवसापासून सरांच्या जिवाला घोर लागला. शैलाला सकाळ-संध्याकाळ बसवलं. माझ्या रविवारांवरही गदा आली. स्पर्धेला सगळ्यांनी एकच ठरलेला तुकडा वाजवायचा होता, आणि माझी मेलीची नजर गेली ती त्याच्या ओळींवर: प्रत्येक ओळ धैवतावर येऊन थांबत होती.

"मास्तर, हिला त्या पट्टीला हाणायची सवय आहे. दादरचा पियानो धडधाकट आहे. तिथं धैवत बोंबलेल."

"सांगीन, सांगीन," ते म्हणाले. आणि सांगायचं राहिलं. सांगायला माणूस एका जागी ठरायला नको?

स्पर्धेच्या दिवशी सर आले ते दाढीला दोन जागी कापून. बूट काढले, तिकिटं काढली, बसले, उठले. खुर्शीदबाईंनी घंटा वाजवली. एक नंबर, दोन नंबर, तीन. कुणी घाईत, कुणी रडक्या हातानं. टेबलावर गुंडाळ्या पडत होत्या.

नऊ नंबर आला. पहिली ओळ गोड वाजली, आणि शेवटी धैवत दणकन आदळला. ठण्ण! खुर्शीदबाईंच्या कपाळावर आठी. दुसरी ओळ, पुन्हा ठण्ण. मी सरांकडे पाहिलं. ते बसलेले होते. गुडघा हलत नव्हता. हातातलं तिकीट अर्धं गुंडाळलेलं, तसंच. तुकडा संपेपर्यंत हा माणूस खुर्चीवर दगडासारखा बसून राहिला. इतक्या वर्षांत मी असं पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला जे कळायचं ते कळलं. मी दाराकडे बघितलं. जा ना मास्तर, उठा! नियम आहे! एरवी बारा वेळा उठता, आज काय झालं? ते उठले नाहीत.

पुढचे नंबर झाले. त्यांचं लक्ष कुठे होतं? उठून भराभरा फेऱ्या घालत होते, ओठ हलत होते. मनात कुणाशी तरी भांडत होते. सोळा नंबरला मात्र मी पेन्सिल खाली ठेवली. अहो, काय वाजवलं त्या मुलानं! पियानोवर नुसता हात ठेवावा आणि त्यानं आपण होऊन बोलावं, असं. प्रत्येक ओळीचा धैवत शेजारच्या सुरांना धरून, समंजस. खुर्शीदबाईंनी चष्मा काढला आणि डोळे मिटले. बेनी सर पाठमोरे होते. तिकिटं गुंडाळत होते.

शेवटी दोनच नंबर उरले, नऊ आणि सोळा. खुर्शीदबाई म्हणाल्या, "यात बोलायचा काय आहे? सोळा."

"सोळा," मी म्हटलं.

"नऊ," बेनी सर म्हणाले.

"बेनी! तो हातोडा मारत होता."

"एकाच सुरावर!" सर टेबलाला दोन्ही हात टेकून उभे. आवाज दाबलेला. "बाकी सगळं ऐकलंत? एकच सूर मोठा येतोय, दर वेळी तोच. का? कारण ते पोर आजारी पियानोवर शिकलंय. त्याच्याकडे दुसरा नाही. त्या मोडक्या पट्टीला जिवंत करून करून त्याचा हात तसा झालाय. त्याचे मार्क कापणार तुम्ही? आणि हा सोळा नंबर! छान वाजवतो, मान्य. घरी झकास पियानो असणार, झकास बाप असणार. त्याला काय कमी आहे? त्याला आपलं बक्षीस कशाला हवं?"

मी म्हटलं, "मास्तर, आपण वाजवण्याला मार्क देतो, घराला नाही." मला नऊ नंबर कोण ते ठाऊक होतं, निदान तसं वाटत होतं, आणि माझाही जीव त्या पोरीसाठी तुटत होता, तरी सोळा ते सोळा. पण खुर्शीदबाईंनी गळ्यातली साखळी हातात घेतली होती. कडक बाई, आणि मन लोण्याचं. बराच वेळ त्या साखळी बोटाला गुंडाळत राहिल्या, आणि म्हणाल्या, "नऊ लिहा."

सरांनी कपाळावर, छातीवर, खांद्यांवर बोटं टेकवून क्रूस केला आणि घाईघाईनं बूट घातले. पायांची अदलाबदल झाली, पुन्हा घातले.

मग पडदा उघडला. आमच्याकडे पद्धत अशी, की पडदा उघडल्यावर निकाल सांगायचा आणि त्या नंबरच्या मुलानं चिठ्ठी घेऊन पुढे यायचं. "नंबर नऊ!" खुर्शीदबाई म्हणाल्या. आणि मुलांच्या बाकावरून उठला एक गुबगुबीत मुलगा. चापून पाडलेला भांग, इस्त्रीची अर्धी चड्डी. डोळे मोठ्ठे करून धावत आला आणि बेनी सरांच्या कमरेला मिठी मारली.

"सर! सर, मी जिंकलो!"

दादरच्या डॉक्टरांचा निखिल. सरांचाच विद्यार्थी. त्यांच्या घरी रंगकाम काढलेलं, पियानो दोन महिने चादरीखाली. म्हणून सरांनीच त्याला परळच्या हॉलची किल्ली दिलेली. रोज दुपारी येऊन तो त्याच आजारी पट्टीवर सराव करून जायचा. सर तेव्हा गोदीत. दिली आणि विसरले.

सरांचा हात त्या मुलाच्या डोक्यावर होता आणि चेहरा पांढराफटक. बाकावर शेवटी शैला बसली होती. हातात चिठ्ठी. मी जवळ गेले, चिठ्ठी बघितली. सोळा.

ती रडत नव्हती, हे मला आजही आठवतं. सर आले तशी उठून उभी राहिली आणि उलट त्यांनाच सांगायला लागली, "सर, मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते. निखिल वाजवायला लागला ना, तेव्हा कळलं, इथली ती पट्टी बरी आहे. तो आपल्या परळसारखी मारत होता आणि ती ओरडत होती. मग मी हात हलका केला. तुम्ही सांगता ना, पियानो बघून वाजव." आणि मग जरा थांबून, "बरोबर वाजला ना धैवत?"

सर म्हणाले, "बरोबर, बाय. अगदी बरोबर." एवढंच.

बाजूला सारलेल्या पडद्याआड येऊन त्यांनी खुर्शीदबाईंना सगळं सांगितलं. "मी ओळखलं होतं. खुर्ची सोडायला हवी होती. सोडली नाही. निकाल बदला."

"तू ओळखला कुठे, बेनी?" खुर्शीदबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच. "नऊ वाजला तेव्हा बसून राहिला, आणि जी तुझी होती तिच्याकडे पाठ केली. आता जा. त्या छोकऱ्याच्या हातातून कप काढून घे. जा, मी नाही अडवत."

पलीकडे निखिल कप डोक्यावर धरून नाचत होता. त्याची आजी त्याची दृष्ट काढत होती. सर पडद्याच्या कडेपर्यंत गेले. कड धरून उभे राहिले. मग परत फिरले, आणि खुर्चीवर बसले.

पुढच्याच आठवड्यात शैलाची माणसं परळ डेपोतून कोकणच्या एस.टी.त बसली. सर निरोपाला गेले होते. आईनं शेवटचा डबा करून दिला म्हणे, आणि बापानं हात जोडले. खुर्शीदबाईंनी आपण होऊन वसतिगृहाचं विचारलं, तेही बापाला नको होतं. हरलेल्याला बक्षीस कसं, त्याचा एकच सवाल.

त्या रविवारी मी परळला गेले तर पियानोचं पोट उघडं. सर जमिनीवर मांडी घालून बसलेले, मांडीवर ती धैवताची पट्टी, हातात पॉलिश पेपर. कडेला लाकडाचा चिमूटभर भुसा. पट्टी बसवली, दाबली. शेजारणींसारखीच बोलली.

"अर्धा तास लागला, कुंदाबाय," ते म्हणाले. "नुसता अर्धा तास. आणि मी लंगड्या घोड्याच्या गोष्टी सांगत होतो."

मी एरवी तोंडाची फटकळ, पण तेव्हा उठले आणि चहा करायला आत गेले.

परीक्षकाच्या खुर्चीत ते पुन्हा बसले नाहीत. खुर्शीदबाईंनी खूप सांगून पाहिलं, मी भांडून पाहिलं. पण स्पर्धेला यायचे. दरवर्षी, न चुकता. बाहेरच्या बाकावर, नंबरची वाट बघणाऱ्या मुलांमध्ये बसायचे. म्हणजे बसायचे-उठायचे. "ऐका रे," मुलांना सांगायचे, "आतला पियानो कसा आहे ते ऐका. पोटात कावळे ओरडतायत ते नंतर ऐका." खिशातली तिकिटं मुलांना वाटून टाकायचे आणि सगळी रांगच गुंडाळत बसायची. स्पर्धा संपल्यावर झाडणाऱ्या बाईच्या शिव्या आम्ही खायच्या.

निखिलला त्यांनी कधी वेगळं वागवलं नाही, हेही सांगते. त्याला शेवटपर्यंत मनापासून शिकवलं. पोराला कधी काही कळू दिलं नाही.

वर्षं गेली. खुर्शीदबाई गेल्या. गिरण्या गेल्या त्या गेल्याच. सरांच्या खिडकीतून दिसायची ती चिमणी पाडली, आणि तिथं काचांची एवढी मोठी इमारत आली की दुपारी तिच्यावरचं ऊन परावर्तित होऊन हॉलमध्ये घुसायचं. "बघ," सर म्हणायचे, "आता धूर आहे का विचारायची सोय नाही." आणि मग ज्या पायांनी त्यांनी जन्मभर कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही, ते पायच गेले. झटका आला, कमरेखालचं सगळं थांबलं. हॉलमागच्या त्याच खोलीत खिडकीशी आरामखुर्ची. खुर्चीनं शेवटी सूड घेतला, असं मी म्हटलं तर खो खो हसले. हात मात्र चालू होते. मी येताना बसची तिकिटं आणायची. नवीन तिकिटांवर ते नाराज होते. यंत्रातून निघणारा पातळ कागद, "याला कणाच नाही गो," पण गुंडाळत राहायचे.

असाच एक रविवार. मी त्यांना चहात पाव बुडवून देत होते. बाहेर हॉलचं दार वाजलं. किल्ली अजूनही अशीच कुणाकुणाकडे फिरत असायची आणि दार बहुधा उघडंच, म्हणून मी उठले नाही. स्टूल ओढल्याचा आवाज आला. आणि पियानो वाजायला लागला.

तो तुकडा. तोच. हात जरा अडखळत होते, सराव सुटलेला कळत होता. पहिली ओळ शेवटाला आली, आणि धैवत दणकन आदळला. ठण्ण!

"कोण हे आडदांड?" मी म्हटलं.

सरांनी माझं मनगट धरलं. चहा सांडला. त्यांचं बोट ओठांवर, आणि मान दाराकडे वळलेली.

"शैला," ते म्हणाले.

दुसरी ओळ सुरू झाली. वर गेली, वळली, खाली आली, आणि शेवटी धैवत आला तो हलका, शेजारच्या सुरांना धरून.

"बघ," सर कुजबुजले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात उचलत नव्हते. "एका ओळीत कळलं तिला. एका ओळीत! पट्टी बरी झालीय हे."

तुकडा संपला. पावलं आली, आणि दारात एक बाई उभी राहिली. केसांत पांढऱ्या बटा, खांद्याला प्रवासाची पिशवी. गावाकडे शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवते, हे नंतर बोलताना कळलं. भावाच्या मुलाच्या लग्नाला मुंबईत आली होती आणि पाय आपोआप इकडे वळले होते. पण तेव्हा ती दारातून फक्त एवढंच म्हणाली,

"सर, बरी केलीत पट्टी?"

"केली," ते म्हणाले. "तू गेल्यावर."

ती येऊन त्यांच्या पायांशी जमिनीवर बसली, आणि तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या गुडघ्याला आता काही कळत नव्हतं. मला वाटलं, इथं आपलं काम नाही. मी कप उचलले, विसळले, पर्स घेतली.

निघताना दारातून मागे वळून पाहिलं. सर तिच्याकडे बघत बसले होते. मी आणलेलं तिकीट त्यांच्या मांडीवर पडलं होतं, सपाट, न गुंडाळलेलं.